मालवाहू पिकअप गाडीस पोचे कसे पडतात

शेतीच्या मासिकांतून बियाणें, खतें, किडी आणि बाजारभाव यांविषयीं आजवर पुष्कळ लिहून आलें आहे व पुढेंही येत राहील. परंतु पिकलेला माल बांधावरून बाजार समितीच्या आवारांत ज्या वाहनावर जातो, त्या वाहनाच्या अंगाची निगा कशी ठेवावी हा विषय बहुधा कोणी हातीं घेत नाहीं. बैलास खांदेसूज आली तर आपण जूं उतरवून त्यास चार दिवस विसावा देतों. गाडीच्या पत्र्यास पोचा पडला तर मात्र "कामाची गाडी आहे, चालायचंच" असें म्हणून पुढें जातों. प्रस्तुत लेखक यंत्रविद्येचा जाणकार नव्हे. माझें आयुष्य तहसील कचेरींत कारकुनी करण्यांत गेलें. तेथें एकच संवय अंगीं मुरली, ती ही कीं जें घडलें त्याची तारीखवार नोंद घ्यावयाची. त्या संवयीनें या विषयांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

आमची व धाकट्या बंधूंची जमीन निफाड तालुक्यांत एकत्र आहे. द्राक्षें, टोमॅटो व कांदा हीं मुख्य पिकें. आमच्या लहानपणीं माल बैलगाडीनें जाई. पुढें ट्रॅक्टरची ट्रॉली आली. टाटा मोटर्सनें २००५ सालीं 'एस' ही लहान चारचाकी मालगाडी बाजारांत आणली व लोकांनीं तिचें 'छोटा हत्ती' असें बारसें केलें. जीपच्या घराण्यांतील पिकअप गाड्या त्याआधींही होत्याच. पण सामान्य बागायतदाराच्या दारांत स्वतःची मालगाडी दिसूं लागली ती साधारणपणें त्यानंतरच्या काळांत. आमच्याकडे दीड टन क्षमतेची पिकअप आली ती पुतण्याच्या आग्रहानें, बँकेचें कर्ज काढून.

गाडी घरीं आली त्याच्या चौथ्या महिन्यांत तिच्या हौद्याच्या मागील डाव्या कोपऱ्यास नारळाएवढा पोचा दिसला. चालक पगारी होता. शेजारच्या गांवचा, पंचविशींतला, हाताचा सफाईदार. त्यास विचारलें तेव्हां तो म्हणाला, "भाऊसाहेब, माझ्या हातून नाही झालं. रात्री गाडी लावली तेव्हा कोपरा साफ होता." अशीं उत्तरें मीं कचेरींत जन्मभर ऐकलेलीं, मला तें पटलें नाहीं. चार माणसांदेखत मी त्यास वाटेल तें बोललों आणि महिनाअखेर त्याच्या पगारांतून दोन हजार रुपये कापून घेतले. पुढच्या महिन्यांत त्यानें काम सोडलें. भांडला नाहीं; किल्ली खुंटीस अडकवली आणि गेला. त्या पोच्याचें खरें कारण मला सव्वा वर्षानें समजलें. तें पुढें यथाक्रम येईल.

त्याच्या जाण्यानंतर मीं फेरफारवहीच्या धर्तीवर एक वही घातली. रकाने सात: अनुक्रम, तारीख, स्थळ, हौद्यांत माल काय व किती, गाडीवर कोण होतें, पोचा कोठें पडला, आणि त्या वेळीं गाडी चालत होती कीं उभी होती. आरंभीं घरांतील मंडळी हंसलीं. तीन वर्षांत तीसएक नोंदी झाल्या, आणि शेवटच्या रकान्यावरून बोट फिरवितांना मी स्वतःच चकित झालों. माझी समजूत अशी होती कीं गाडी खराब होते ती रस्त्यावर, धांवतांना, दुसऱ्या वाहनास घासून. वहींत तशा नोंदी एका हाताच्या बोटांवर मोजतां येतील इतक्याच निघाल्या. निम्म्याहून अधिक वेळां गाडी एक तर उभी होती, नाहीं तर माणसाच्या चालीहूनही हळू मागें सरत होती.

पोच्याचे प्रकार सांगण्यापूर्वीं पत्र्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. गाडीच्या दारांचा व बोनेटाचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. त्यास बळ येतें तें जाडीमुळें नव्हे, तर त्यास दिलेल्या वळणामुळें व कडांच्या घड्यांमुळें. तेलाच्या रिकाम्या डब्याची बाजू अंगठ्यानें थोडी दाबली तर ती परत जागेवर येते. जोरानें दाबली तर आंतच राहते. पत्र्याची लवचिकपणाची एक मर्यादा आहे. ती ओलांडली कीं तेवढा भाग ताणला जाऊन पसरतो, आणि पसरलेल्या भागास मूळच्या जागेंत मावण्यास वाव राहत नाहीं. म्हणूनच कांहीं पोचे ठोकून काढले तरी हात लावतांच टक् असा आवाज करून पुनः आंत बसतात. रुंद आणि उथळ पोचा दिसण्यास वाईट, परंतु स्वभावानें गरीब. अरुंद, धारदार, चुणी पडलेला पोचा दिसण्यास लहान, परंतु खरा घातकी तोच. कारण चुणीच्या रेषेवर रंग तडकतो आणि तेथून गंजास दार उघडें होतें.

आतां गाडी मागें घेण्याविषयीं. हा सर्वांत मोठा रकाना आहे. आपल्याकडे गाडी मागें घ्यावयाची म्हटली कीं एक मुलगा मागें जाऊन उभा राहतो आणि "येऊ दे, येऊ दे" असा पुकारा करतो. "बास!" हा शब्द त्याच्या तोंडून निघतो तो बहुधा पत्र्याचा आवाज झाल्यानंतर. त्या मुलाचा दोष कमी, त्यास उभें करणाऱ्याचा अधिक. तो नेमका गाडीच्या पाठीमागें मधोमध उभा असतो. तेथें तो चालकास कोणत्याच आरशांत दिसत नाहीं आणि हौद्यांत माल भरलेला असला तर मागील कांचेंतूनही दिसत नाहीं. चालकास ऐकूं येतो तो केवळ आवाज, आणि बाजारांत एका वेळीं दहा जण "येऊ दे" म्हणत असतात. आपल्याकडे चालक उजव्या बाजूस बसतो. म्हणून सांगणाऱ्यानें उजव्या अंगास, गाडीपासून चार पावलें बाजूला, चालकास आरशांतून आपला चेहरा दिसेल असें उभें राहावें व तोंडाऐवजीं हातानें खूण करावी. त्यास आरशांत चालकाचे डोळे दिसत नसतील, तर चालकासही तो दिसत नाहीं असें समजावें. डावा मागील कोपरा चालकापासून सर्वांत दूर. वहींतील मागें घेण्याच्या बहुतेक नोंदी त्याच कोपऱ्याच्या आहेत. तो कोपरा पाहण्यासाठीं एकदां खालीं उतरून फेरी मारणें यास अर्धा मिनिट लागतो. नव्या गाड्यांना मागें पाहण्याचा कॅमेरा बसवितां येतो, पण शेतकऱ्याच्या गाडीवर त्याची कांच चिखलानें बुजलेली असते. आणि तो फाळक्यावर बसविलेला असेल तर फाळका पाडल्यावर बिचारा भुईकडे टक लावून पाहत राहतो.

फाळका पाडून गाडी मागें घेण्याची खोड तर विशेष वाईट. माल उतरविण्याची घाई असते, म्हणून आवारांत शिरतांनाच हमाल फाळक्याच्या कड्या काढतात. पडलेला फाळका हौद्याच्या मागें हात-दीड हात पुढें येतो व ओट्याच्या दगडावर प्रथम तोच आदळतो. सगळ्या गाडीचा रेटा मग दोन बिजागऱ्यांवर येतो. बिजागरी किंचित् वांकली कीं फाळका नीट बसत नाहीं. मग तो सुतळीनें बांधला जातो. आणि सुतळीनें बांधलेल्या फाळक्यावर विसंबून टोमॅटोचीं कॅरेटें घाटवळणांत न्यावयाचीं. आमचीं अकरा कॅरेटें एकदां अशा रीतीनें रस्त्यावर गेलीं. मागें दुचाकीवाला नव्हता, ही त्याची व आमची पूर्वपुण्याई.

याहून गंभीर प्रसंग फाळक्याच्या सांखळीचा. पाडलेला फाळका दोन्ही बाजूंनीं ज्या सांखळ्यांवर तोलून धरलेला असतो, त्यांवर पाय देऊन हमाल उभे राहतात. माणसाचें वजन साठ किलो व पाठीवरची गोणी पन्नास किलो धरली तर एकशें दहा किलो झाले. शिवाय हमाल काठाशीं उभा राहतो म्हणजे तरफेच्या टोकाशीं, त्यामुळें सांखळीवरचा ताण त्याहूनही वाढतो. आमच्या गाडीची एक कडी झिजून अर्धी झाली होती. ती रोज दिसत होती, पण पोच्यांच्या गर्दींत कोणाच्या मनावर ठसली नाहीं. एका सकाळीं ती तुटली, हमाल गोणीसकट खालीं आला आणि त्याच्या घोट्याचें हाड मोडलें. ऐन हंगामांत तीन महिने त्याचा रोज बुडाला. औषधोपचाराचा खर्च आम्ही केला व कांहीं रक्कम घरखर्चास दिली. तथापि त्याच्या बायकोनें त्या तीन महिन्यांत दुसऱ्याच्या बागेंत छाटणीच्या कामावर जाऊन घर चालविलें, हें मला ठाऊक आहे. कडीची किंमत शंभर रुपयांच्या आंत होती.

कांदा मोकळा भरण्याची आपल्याकडील रीत वाचकांस माहीत आहेच. लासलगांवास लिलावासाठीं गाड्या रांगेंत लावतात, व्यापारी गाडीगाडीवर भाव बोलतात, मग भुईकाटा करून माल खळ्यावर खालीं होतो. मोकळा कांदा हौद्याच्या काठापर्यंतच भरला तर बाजू सहसा बिघडत नाहींत. परंतु काठावर फळ्या उभ्या करून उंची वाढविली कीं हिशेब बदलतो. मोकळा माल पाण्याप्रमाणेंच बाजूस रेटतो, आणि जसजसें खालीं जावें तसतसा रेटा वाढत जातो. उंची दुप्पट केली तर बाजूच्या फळीवरचा एकंदर रेटा दुप्पट नव्हे, सुमारें चौपट होतो. आमच्या गाडीच्या दोन्ही बाजू पहिल्याच उन्हाळ कांद्यास पोट सुटल्याप्रमाणें बाहेर आल्या. त्यांस कोणी धडक दिली नव्हती. आंतल्या मालानेंच त्या ढकलल्या. त्यावर उपाय म्हणून आतां आम्ही समोरासमोरच्या खांबांस वरून एक आडवी सांखळी घालतों, म्हणजे एका बाजूचा रेटा दुसरीवर तोलला जातो.

गोणी चढवितांना ती काठावर आपटून मग आंत लोटणें, ही दुसरी रीत. काठाची वरची घडी म्हणजे त्या बाजूचा कणा. ती एकदां चेपली कीं खालचा सगळा पत्रा ढिला होतो. युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजीं ४५ किलोंची झाली. पाठींना तेवढा आराम मिळाला, काठांस मिळाला असें दिसत नाहीं. काठावर जुन्या टायरची उभी चिरलेली पट्टी बसविली तर हें बहुतांशीं टळतें.

मांडवाचे लोखंडी अँगल, पाण्याचे नळ, मोटार-पंप असा जड माल न बांधतां नेण्याचा परिणाम वेगळा. गाडी थांबली तरी माल थांबत नाहीं. ब्रेक जोरानें दाबला कीं अँगलांचा गठ्ठा हौद्याच्या पुढच्या भिंतीवर भाल्यासारखा येतो. आमच्या हौद्याच्या पुढच्या पत्र्यास तीन भोकें आहेत, तीं याच कारणानें पडलेलीं. आणि त्या पत्र्यापलीकडे एक वीत अंतरावर चालकाचें डोकें असतें. माल मागें गाडीबाहेर काढून नेणें हा तर कायद्यानेंही गुन्हा आहे.

आतां जादा भाराविषयीं. येथें पोचा दिसत नाहीं, म्हणून हें नुकसान कोणी मोजत नाहीं. पिकअपच्या पोटाखालीं दोन लांब लोखंडी तुळया व त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, हीच चासी. तिच्यावर केबिन एक व हौदा एक असे दोन भाग वेगवेगळे बसविलेले असतात व मध्यें फट ठेवलेली असते. पुष्कळांस ती फट म्हणजे कारखान्याची कंजुषी वाटते. वस्तुतः खांचखळग्यांत एक चाक वर व एक खालीं गेलें कीं चासी पिळवटते. केबिन व हौदा एकसंध असते तर पत्रा फाटला असता. त्या फटीकडे मालकानें महिन्यांतून एकदां बाजूस उभें राहून पाहावें. हौद्याचा मागील भाग मागच्या चाकांच्या पलीकडे लोंबता असतो. जड माल तेथें रचला कीं शेपूट खालीं दाबली जाते आणि चासी केबिनच्या मागें धनुष्यासारखी वांकूं लागते; त्या वेळीं फट वरच्या अंगास रुंद व खालच्या अंगास अरुंद दिसते. अशी फट दिसली तर रंगारी शोधूं नये, चासी पाहणारा जाणता कारागीर शोधावा. याच भारानें पुढचीं चाकें हलकीं होतात व स्टिअरिंग हातांत असूनही गाडी ऐकत नाहींशी होते. म्हणून जड माल नेहमीं मागच्या चाकांच्या पुढें, केबिनच्या बाजूस रचावा.

किती भरावें हें गाडीच्या नोंदणीपत्रावर लिहिलेलें असतें. तें कागद लोक पोलिसांना दाखविण्यापुरते बाळगतात, वाचीत नाहींत. त्यांत रिकामी गाडी किती व भरलेली किती असे दोन आंकडे असतात. दुसऱ्यांतून पहिला वजा करावा. रिकाम्या वजनांत चालक धरलेला नसतो, हें ध्यानांत ठेवावें. आमचे बंधु हिशेब असा करीत: ७० कॅरेटें, प्रत्येकी २० किलो, म्हणजे १,४०० किलो, गाडी १,५०० ची, अजून पांच कॅरेटें बसतील. मीं कागदावर मांडून दाखविलें. रिकामें कॅरेट दीड ते दोन किलोंचें, तेव्हां ७० कॅरेटांचे शंभराहून अधिक किलो झाले. पुढें तीन माणसें बसलेलीं, तीं दोनशें किलोंच्या घरांत. गाडी पांच कॅरेटें रिकामी नव्हती, तर दोनशें किलोंनीं जादा भरलेली होती. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें जादा भारास २०,००० रुपये व वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये असा दंड सांगितला आहे. दंड चुकतो असें आपण पाहतों. पाट्यांवरचा भार चुकत नाहीं. बसलेले पाटे खळग्यांत धक्का पेलूं शकत नाहींत, मग तो धक्का सरळ चासीस व तेथून हौद्याच्या बोल्टांस पोंचतो. गतिरोधकावरून १० च्या वेगानें जाण्याऐवजीं २० च्या वेगानें गेलें तर धक्क्यामागची शक्ति चौपट होते, हेंही येथेंच सांगून ठेवतों.

शिवारांतील नोंदी थोडक्यांत देतों. पावसाळ्यांत काळ्या जमिनींत गाडी रुतली कीं ट्रॅक्टरची सांखळी बंपरास अडकवून ओढण्याची आपली पद्धत आहे. बंपर हा ओढण्यासाठीं नाहीं. ओढण्याची कडी चासीस वेगळी दिलेली असते, ती चिखल पुसून शोधावी. द्राक्षबागेच्या ओळींच्या टोकास मांडवाचे ताण जमिनींत गाडलेले असतात. संध्याकाळच्या अंधुक उजेडांत ती तार दिसत नाहीं व दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून जाते. तारेस पांढऱ्या चिंध्या बांधाव्या. बाभळीखालीं सांवली म्हणून गाडी लावूं नये. शेंगांच्या दिवसांत आमच्या शेळ्या बोनेटावर व तेथून टपावर चढून उभ्या राहिलेल्या मीं पाहिल्या आहेत. टपावरचे बारीक खळगे गारांचे असावेत असें मी वर्षभर समजत होतों. बैल खाज आली कीं गाडीच्या आरशाशीं मान घांसतो. त्यास बोलून उपयोग नाहीं. गाडी गोठ्यापासून दूर लावावी.

आतां गंज. पोचा हा प्रसंग आहे, गंज ही प्रक्रिया आहे. पोच्यानें दार उघडावें आणि गंजानें घर बळकवावें. कामाच्या गाडीस गंज आणणारे पदार्थ आपणच तिच्यांत भरतों. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. मिठाच्याच जातीचा क्षार, लोखंडाचा वैरी. अमोनियम सल्फेटही तसेंच. युरिया हवेंतील ओल ओढून घेतो व पत्र्यावर ती धरून ठेवतो. गोणीचें टोक फाटून मूठभर खत कोपऱ्यांत सांडलें व त्यावर एक पाऊस पडला कीं काम सुरू. जनावरांचें मूत, सडलेल्या टोमॅटोचा आंबट रस, सांडलेलें दूध, यांचीही तीच गत. हौद्याच्या तळास व दारांच्या खालच्या कडेस पाणी निघून जाण्यासाठीं बारीक भोकें ठेवलेलीं असतात. आमच्या दारांत तीं कांद्याच्या पापुद्र्यांनीं गच्च बसलीं होतीं. दार हलविलें कीं आंत पाणी डुचमळे, आणि आम्हांस वाटे कीं कोठें तरी बाटली पडली आहे. आतां दर अमावास्येस बारीक तारेनें भोकें मोकळीं करावयाचीं व खतवाहतूक झाली कीं त्याच दिवशीं हौदा धुवावयाचा, असा नेम ठेविला आहे. अमावास्येचें कारण केवळ इतकेंच कीं तिची आठवण राहते.

प्रत्येक पोचा काढलाच पाहिजे असें माझें मत नाहीं. ज्यांत रंग शाबूत आहे तो खुशाल राहूं द्यावा. ज्यांत रंग तडकला असेल तो मृगापूर्वीं साफ करवून घ्यावा. कारागीर लांबी भरतो त्या वेळीं मालकानें समोर उभें राहावें. खालचा गंज लखलखीत लोखंड दिसेपर्यंत घांसला नाहीं व वरून लांबी थापली, तर चार महिन्यांत रंगास फोड येतो. आणि पत्रा ठोकून वर न आणतां खड्डा नुसत्या लांबीनें बुजविला, तर हौदा पिळवटतांच ती खपली होऊन पडते.

अशाच एका वैशाखांत आम्ही गाडी कारागिराकडे नेली, तेव्हां तो पहिला नारळाएवढा पोचा निघाला. त्यानें चुणी घांसतां घांसतां हात थांबविला व म्हणाला, "भाऊसाहेब, हा लाल रंग तुमच्या गाडीचा नाही. हे अवजार लागलंय." चुणीच्या तळाशीं लाल रंगाची रेघ होती. घरीं येऊन मीं टेप लावला. पोच्याची जमिनीपासूनची उंची, आणि बंधूंचा रोटाव्हेटर उचलून धरला असतां त्याच्या कोपऱ्याची उंची, यांत बोटभराचाही फरक निघाला नाहीं. बंधूंस विचारलें. त्यांनीं बराच वेळ विचार केला व सांगितलें कीं त्या आठवड्यांत वीज रात्रपाळीची होती. मध्यरात्रीं मोटार चालू करून आल्यावर त्यांनीं ट्रॅक्टर अंगणांतून वळविला होता. ट्रॅक्टर डावीकडे वळला कीं मागें जोडलेलें अवजार उजवीकडे झोंका घेतें. पुढें पाहणाऱ्यास तें कळत नाहीं. रोटाव्हेटर लाल रंगाचा आहे. तो रोज माझ्या डोळ्यांसमोर उभा असे.

चालक त्या वेळीं पिंपळगांवीं दुसऱ्या मालकाकडे होता. मी दोन हजार रुपये घेऊन गेलों व सर्व हकीकत सांगितली. त्यानें पैसे मोजून खिशांत ठेविले. म्हणाला, "पैसे घेतो, भाऊसाहेब, ते माझेच आहेत. पण त्या दिवशी चार माणसांत बोललात, ती माणसं आता कुठून गोळा करायची?" त्यांतले दोघे आमच्याच गांवचे होते, त्यांस मीं स्वतः जाऊन सांगितलें. बाकीचे दोघे मजूर होते, ते हंगाम संपतांच आपल्या मुलखास गेले होते. चालकास परत येण्याविषयीं मीं विचारलें. तो आला नाहीं.

त्यानंतर वहींत आठवा रकाना वाढविला: सकाळीं गाडी ताब्यांत घेतांना चालकानें व संध्याकाळीं लावतांना मालकानें, दोघांनीं मिळून फेरी मारून सही करावयाची. मोबाइलवर चारी बाजूंचीं छायाचित्रें काढलीं तरी काम भागतें, व तारीख आपोआप पडते.

विम्याविषयींही एक गोष्ट सांगावयाची राहिली. मालवाहू गाडीचा पूर्ण विमा उतरविला म्हणजे प्रत्येक पोच्याची भरपाई मिळते, असा पुष्कळांचा समज आहे, माझाही होता. व्यापारी वाहनांच्या विम्यांत दिवे, टायर, मडगार्ड, बोनेट, बाजूचे भाग, बंपर व रंगकाम यांचें नुकसान, गाडी सर्वस्वीं निकामी झाल्याखेरीज, साध्या करारांत धरलेलें नसतें. त्यासाठीं 'आय. एम. टी. २३' नांवाचें जोडकलम जादा हप्ता भरून घ्यावें लागतें, आणि तें घेतल्यावरही नुकसानीचा कांहीं वांटा मालकाकडेच राहतो. म्हणजे कामाच्या गाडीस जेथें नेमका मार लागतो, तेवढीच जागा कोरी सोडलेली असते. नूतनीकरणाच्या वेळीं त्या कागदावर हें कलम आहे कीं नाहीं तें चष्मा लावून पाहावें. दाव्याच्या वेळीं सर्वेक्षक जुना पोचा कोणता व नवा कोणता हें विचारतो, तेव्हां आमची वही पुढें केली होती. त्यानें ती उलटून पाहिली व कोणत्या कचेरींत होतों असें विचारलें.

वहींतील अखेरची नोंद गेल्या आठवड्याची आहे. स्थळ: राहतें घर. माल: नाहीं. पोचा: मागील डावा कोपरा, गोठ्याच्या खांबास लागून. गाडी: मागें सरत होती. गाडीवर: प्रस्तुत लेखक. पुतण्यानें सही करतांना खालीं आपल्या अक्षरांत जोडलें आहे, "मागें उभें कोणी नव्हतें, काका खालीं उतरून पाहिलें नाहींत."